५२ मिलिमीटरच्या आत

फुलांच्या प्रदर्शनातलं परीक्षण संपून सभागृहाची दारं उघडली तेव्हा मी सरळ माझ्या फुलदाणीकडे गेले. तीन जांभळी पॉम्पॉन डेलिया. माझ्या मते त्या टेबलावरची सगळ्यांत देखणी. फुलदाणीला टेकवून एक चिठ्ठी ठेवलेली होती: 'नियमांनुसार नाही'. बक्षीस मिळालं नसतं तर मी समजून घेतलं असतं. पण या चिठ्ठीचा अर्थ असा, की ही फुलं स्पर्धेत धरलीच नाहीत. चार महिने रोज पहाटे ज्यांच्याकडे पाहत होते, ती फुलं मोजणीतच नव्हती.

परीक्षक अजून तिथेच होते. मी विचारल्यावर त्यांनी खिशातून एक कडी काढली, आतून बरोबर ५२ मिलिमीटरची. पहिल्या फुलावर ठेवली, ती अलगद घसरून देठापर्यंत आली. दुसऱ्या फुलावरूनही आली. तिसऱ्या फुलाच्या ऐन घेरावर मात्र ती थांबली. पाकळीला धक्का न लावता त्यांनी कडी उचलली आणि म्हणाले, "दोनेक मिलिमीटर जास्त आहे. फूल फार छान आहे, पण ते आता पॉम्पॉन राहिलं नाही."

घरी मी फुलं मोजली नव्हती असं नाही. जाड पुठ्ठ्यात ५२ मिलिमीटरचं भोक कापून मी स्वतःची कडी केली होती आणि पहाटेच्या दवात ती रोज फुलांवरून फिरवत होते. पुठ्ठा ओला होत गेला, भोकाची कड दबत गेली, आणि प्रदर्शनाच्या आठवड्यापर्यंत माझी ५२ची कडी साधारण ५४ची झाली होती. शिवाय आदल्या संध्याकाळी कापलेलं फूल रात्रभर पाण्यात उभं असताना आणखी थोडं उमलतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

ज्यांनी मला डेलियाचा नाद लावला ते काका शेजारी उभे होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पॉम्पॉन वाढवायचं नसतं गं. आवरायचं असतं." मला ते त्या दिवशी पटलं नाही. खत घाला, पाणी द्या, फूल मोठं करा, एवढंच मी बागेत आजवर शिकले होते.

आधी पॉम्पॉन म्हणजे काय ते सांगते, कारण ते नीट कळायला मलाच एक हंगाम गेला. डेलिया सूर्यफुलाच्या कुळातला. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो, आणि जिला पाकळी म्हणतो ती त्यातलं एकेक छोटं फूल. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला रानटी डेलिया एकेरी असतो: कडेला पाकळ्यांची एक ओळ, मध्ये पिवळी तबकडी. दुहेरी फुलात तबकडीची जागाही पाकळ्यांनी घेतलेली असते. पॉम्पॉनमध्ये त्या पाकळ्या आखूड असतात, त्यांच्या दोन्ही कडा आत वळून जवळजवळ नळी झालेली असते आणि टोक गोल असतं. अशा शेकडो छोट्या नळ्या एकमेकींना चिकटून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. ही जाळी वरून सुरू होऊन खाली देठापर्यंत वळत गेली पाहिजे. म्हणजे फूल वरून गोल दिसून चालत नाही, त्याचा चेंडू व्हावा लागतो.

बॉल नावाचा दुसरा प्रकार दिसायला असाच असतो, फक्त मोठा आणि डोक्यावर किंचित चपटा. ब्रिटनच्या नॅशनल डेलिया सोसायटीच्या नियमांत पॉम्पॉनची मर्यादा ५२ मिलिमीटर आहे, अमेरिकन डेलिया सोसायटीच्या नियमांत २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरच्याही थोडं आत. त्यापुढे फूल गेलं की ते मिनिएचर बॉलच्या, म्हणजे सर्वांत लहान बॉलच्या, हद्दीत शिरतं. आमच्या प्रदर्शनाची नियमपत्रिका ५२ मानणारी होती. दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनात उतरायचं असेल तर तिथला आकडा आधी वाचावा. तो आकडा कुंडीत माती भरायच्या आधीपासून लागतो.

मी माझी पहिली चूक वाण निवडताना केली. फोटोत बॉल आणि पॉम्पॉन ओळखू येत नाहीत, कारण फोटोला माप नसतं. विक्रेत्यांच्या याद्यांतही बॉल सर्रास पॉम्पॉनच्या नावाखाली येतात. गडद लाल 'कॉर्नेल' मी असाच पॉम्पॉन समजून आणला होता. तो अप्रतिम डेलिया आहे, देठ ताठ, फूल दिवसेंदिवस टिकणारं, पण तो बॉल आहे. त्याला कितीही आवरलं तरी तो ५२च्या कडीतून जाणार नाही आणि जावा अशी अपेक्षाही करू नये. आता मी वाण घेताना रंग शेवटी बघते. आधी विचारते: पूर्ण उमललेलं, मागून भरलेलं फूल केवढं होतं? कारण काही वाण ४५ मिलिमीटरला सुंदर दिसतात आणि मागची बाजू भरेपर्यंत ५६वर जातात. काही वाण मात्र स्वभावानेच लहान. त्यांना आवरायला फार कष्ट पडत नाहीत.

दुसऱ्या वर्षासाठी काकांनी चार नावं सुचवली: 'विलोज व्हायोलेट', 'मूर प्लेस', 'स्मॉल वर्ल्ड' आणि 'मिनली कॅरल'. पहिला ऑस्ट्रेलियातला, जांभळा, आणि पॉम्पॉनचा आकार काय असतो ते दाखवायला याच्याइतका दुसरा वाण मला माहीत नाही. 'मूर प्लेस' वाइनसारखा गडद, अनेक दशकं प्रदर्शनांत टिकलेला. 'स्मॉल वर्ल्ड' पांढरा. 'मिनली कॅरल' नारिंगी, पाकळ्यांच्या टोकांशी लालसर झाक. चारही लावायचा मोह होता, पण जागा बारा झाडांची होती. काका म्हणाले, "तीन फुलांच्या वर्गात तिन्ही फुलं जुळी दिसायला हवीत. एका वाणाचं एकच झाड लावशील तर एका दिवशी तीन जुळी फुलं मिळणारच नाहीत." म्हणून 'मिनली कॅरल' सोडला आणि उरलेल्या तिघांची चार-चार रोपं केली. आज वाटतं, दोनच वाण घेऊन सहा-सहा रोपं लावली असती तर आणखी बरं झालं असतं. पांढऱ्याला तर दोन रोपंही पुरतात असं मी मनाशी धरलं होतं, आणि त्याच पांढऱ्याने मला सगळ्यात जास्त रडवलं.

बियांपासून पॉम्पॉन मिळत नाहीत, निदान आईसारखे नाहीत. बागेतल्या डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण ६४. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवा पत्त्यांचा डाव. वाण राखायचा तर कंद किंवा छाट. पहिल्या वर्षी मी कंद फोडून थेट लावले होते. कंद फोडताना मानेजवळचा डोळा प्रत्येक तुकड्यासोबत आला पाहिजे. डोळा नसलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी उगवत नाही, नुसता मातीत पडून राहतो. दुसऱ्या वर्षी कंद उथळ ट्रेमध्ये, मान मातीच्या वर ठेवून, उबेत फुटायला ठेवले. फुटवे बोटभर झाले की कंदाला चिकटून जरासा भाग ठेवून धारदार पातीने कापले आणि वाळूमिश्रित कोकोपीटमध्ये लावले. दोन ते तीन आठवड्यांत मुळ्या. छाटाची रोपं कंदाच्या झाडांपेक्षा सडपातळ आणि एकसारखी वाढतात, आणि मला तीच एकसारखी वाढ हवी होती. जुन्या मोठ्या कंदाचं झाड सुरुवातीलाच मुसंडी मारतं. अंगात साठवलेलं बळ त्याला फुलातच ओतायचं असतं.

छाट घेताना एक गोष्ट कठोरपणे पाळली. ज्या कंदाच्या पानांवर पिवळट जाळी, शिरांलगत फिकट पट्टे किंवा आकसलेपण दिसलं, तो कंद छाट न घेता टाकला. डेलियाचा मोझॅक विषाणू कंदातून आणि छाटांतून पुढच्या पिढीत जातोच, त्याला औषध नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. टाकलेल्यात एक 'स्मॉल वर्ल्ड' होता. हात अडखळला, पण टाकला. कापायची पातही दर झाडानंतर पुसून घेतली.

लागवडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निचरा चांगला हवा, दिवसातले सहा तास तरी ऊन हवं, रोपांत साधारण दीड-दोन फुटांचं अंतर हवं आणि आधाराची काठी रोप लावतानाच ठोकावी. नंतर ठोकलीत तर कंदात घुसते. खतात मात्र मी पूर्ण उलटी फिरले. पहिल्या वर्षी दर आठवड्याला द्रवरूप खत, त्यात नत्र भरपूर. पानं हातभर, देठ पोकळ आणि जाड, फुलं मोठी. दुसऱ्या वर्षी लावताना चांगलं कुजलेलं शेणखत थोडंसं, आणि कळ्या दिसायला लागल्यावर फक्त पालाश देणारं खत, तेही दोनदाच. झाडं पहिल्या वर्षीपेक्षा बुटकी आणि फिकट दिसायची. शेजारच्या मोठ्या डेलियांपुढे ती उपाशी ठेवल्यासारखी वाटायची आणि मला रोज अपराधी वाटायचं. तरी आवरलं. पाणी मात्र कमी केलं नाही. पाण्यावाचून ठेवलेल्या झाडाचं फूल लहान होत नाही, वेडंवाकडं होतं.

पानांच्या चार जोड्या झाल्यावर शेंडा खुडला. मोठ्या फुलांचे डेलिया वाढवणारे यानंतर फक्त चार-पाच फांद्या ठेवतात, म्हणजे झाडाचं सगळं बळ मोजक्या फुलांत जातं. पॉम्पॉनला याच्या नेमकं उलट. एकही फांदी काढायची नाही. माझ्या एकेका झाडावर चौदा-पंधरा फांद्या होत्या. बळ जितक्या तोंडांत वाटलं जाईल तितकं प्रत्येक फूल लहान राहतं. गर्दी झाली म्हणून फक्त बुंध्याजवळची काही पानं काढली, हवा खेळावी आणि भुरी येऊ नये म्हणून.

आता कळ्यांकडे येते, कारण खरा खेळ इथेच आहे. डेलियाच्या फांदीच्या टोकाला मधली एक कळी आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा तीन कळ्या येतात. खाली पानांच्या बगलेतून आणखी फूट निघते. कडेच्या दोन कळ्या खुडल्या की मधल्या कळीला सगळं मिळतं. त्या केव्हा खुडायच्या यावर फुलाचं माप ठरतं, असं काका सांगायचे. मी त्याची परीक्षा घेतली. 'विलोज व्हायोलेट'च्या दोन झाडांवर कडेच्या कळ्या मुगाच्या दाण्याएवढ्या होताच काढल्या. दुसऱ्या दोन झाडांवर त्या वाटाण्याएवढ्या होऊन मधली कळी रंग दाखवू लागेपर्यंत तशाच राहू दिल्या. बगलफूटही पहिल्या जोडीत लवकर काढली, दुसऱ्या जोडीत फक्त वरची एक जोडी काढली, देठ लांब यावा म्हणून.

वही काढून बघते. पहिल्या जोडीची पूर्ण उमललेली आठ फुलं: सर्वांत लहान ५१, सर्वांत मोठं ५५. दुसऱ्या जोडीची आठ फुलं: ४८ ते ५१. जमीन एक, खत एक, वाण एक. फरक फक्त कळ्या केव्हा खुडल्या आणि फूट किती ठेवली याचा. आठ-आठ फुलांवरून कुणी शास्त्र मांडू नये, पण माझ्या बागेपुरता हा प्रश्न मिटला. त्या दिवशी काकांचं 'आवरायचं असतं' मला पहिल्यांदा कळलं.

उशिरा खुडण्यात एक धोका आहे. कडेच्या कळ्या मोठ्या झाल्या की मधल्या फुलाला टेकतात आणि खालच्या पाकळ्यांवर कायमचा खड्डा पाडतात. म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येक फांदी बोटाने हलवून बघावी लागते. बारा झाडं गुणिले पंधरा फांद्या, हिशोब करा. पहाटेचा तो तास मला दिवसातला सगळ्यांत आवडता वाटायचा. हातात पुठ्ठ्याऐवजी आता धातूची कडी होती, व्हर्नियर कॅलिपरने तपासलेली.

त्या हंगामात दोन प्रदर्शनं होती, तीन आठवड्यांच्या अंतराने. पहिल्याच्या आदल्या संध्याकाळी मी अगदी सावध होते. ४५-४६ मिलिमीटरची फुलं कापली, रात्रीत दोन मिलिमीटर वाढली तरी चालतील अशी. सकाळी कडी प्रत्येकावरून सहज गेली. मी निर्धास्त होते. चिठ्ठी आली नाही, पण बक्षीसही नाही. जी फुलदाणी पहिली आली ती पाहायला गेले. तिथली फुलं माझ्यापेक्षा मोठी होती, ५१ तरी असावीत. काकांनी माझं एक फूल उचलून उलटं केलं. मागे पाकळ्यांची शेवटची ओळ आडवीच होती, देठाकडे वळलेली नव्हती. वरून गोळा, खालून थाळी. मग पहिल्या आलेल्या फुलाच्या मागे त्यांनी बोट दाखवलं: पाकळ्या देठाला अगदी जाऊन भिडलेल्या.

कडीतून जाणारं फूल सोपं आहे, ते कच्चं कापलं की झालं. अवघड आहे ते पूर्ण पिकलेलं, मागपर्यंत गोल झालेलं आणि तरीही ५२च्या आत असलेलं फूल. ते मिळण्याची वेळही फार छोटी असते. माझ्या बागेत, माझ्या हवेत, 'विलोज व्हायोलेट' मागून भरल्यापासून खालची ओळ सुकायला लागेपर्यंत तीन दिवस मिळतात. गरम दिवस असतील तर दोन. त्यानंतर मागच्या पाकळ्या मऊ पडतात, कडा तपकिरी होतात आणि मधला गच्च भाग उघडू लागतो. मध्यभागी पिवळा ठिपका दिसला की संपलं. उलट टोकाची चूक म्हणजे मध्यभाग अजून हिरवट, कडक आणि मोठा असणं. तेही कच्चेपणच.

म्हणून दुसऱ्या प्रदर्शनासाठी मी दिवस उलटे मोजले. वहीत प्रत्येक वाणाची नोंद होती: मधली कळी वाटाण्याएवढी झाल्यापासून मागपर्यंत भरलेलं फूल मिळायला किती दिवस. 'विलोज व्हायोलेट'ला २४ ते २७, 'मूर प्लेस'ला २६ ते २९. हे आकडे माझे आहेत. ढगाळ हवेत ते लांबतात आणि उन्हात आखडतात, प्रत्येकाने स्वतःची वही ठेवावी. प्रदर्शनाच्या २६ दिवस आधी वाटाण्याएवढ्या असलेल्या कळ्यांच्या फांद्यांना मी लाल लोकरीचा धागा बांधला, त्याच्या तीन दिवस आधी तेवढ्या झालेल्यांना पांढरा, तीन दिवस नंतर झालेल्यांना निळा. हवा कशीही झाली तरी तिघांपैकी एक रंग त्या दिवशी नेमका तयार असेल, या आशेवर.

शेवटचे दहा दिवस पावसाचे आणि किडींचे होते. फुलकिडे पाकळ्यांच्या नळ्यांत शिरून बसतात आणि 'मूर प्लेस'सारख्या गडद फुलावर फिकट ओरखडे उठतात. ते फूल दुरून उत्तम दिसतं, परीक्षकाच्या डोळ्याजवळ गेल्यावर बाद. पांढऱ्यावर ओरखडा दिसत नाही, पण पावसाचा एकेक थेंब दिसतो. 'स्मॉल वर्ल्ड'च्या नळ्यांत पाणी साचून तळाशी तपकिरी ठिपके पडले, धागे बांधलेल्या नऊ फुलांपैकी सात त्यातच गेली. धागे बांधताच छोट्या छत्र्या लावायला हव्या होत्या. मी त्या पाऊस सुरू झाल्यावर लावल्या. कोळी किडींसाठी पानांची खालची बाजू रोज पाण्याने धुतली, फुलं टाळून. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचल्या. माझा त्याच उपायावर सगळ्यांत जास्त विश्वास आहे.

आदल्या दिवशी फुलं उन्हं कलल्यावर कापली. सकाळी झाडांना भरपूर पाणी दिलं होतं. धारदार पातीने, तिरपा काप, आणि कापलं की लगेच बादलीत, देठ जवळजवळ बुडेल इतकं पाणी. डेलियाचा देठ पोकळ असतो. अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेत या झाडाच्या एका नावात पाण्याच्या नळीचा अर्थ होता म्हणतात, आणि बादलीत उभे ते देठ पाहिले की ते नाव पटतं. पोकळ देठ पाण्याबाहेर राहिला तर मान सकाळपर्यंत लवते. लाल धाग्याची फुलं तयार होती, पांढऱ्या धाग्यांतली काही आदल्या दिवशीच मऊ पडली होती. 'विलोज व्हायोलेट'ची नऊ फुलं कापली, तीन निवडण्यासाठी. अंधाऱ्या, गार खोलीत रात्रभर ठेवली. प्रत्येक देठाला कागदी पट्टी बांधली: झाडाचा क्रमांक आणि संध्याकाळचं माप.

पहाटे पुन्हा मोजली. ४९ची दोन फुलं ५० झाली होती, ५०चं एक ५१. ५१चं एक होतं ते कडीत टेकलं, ते बाजूला ठेवलं. उरलेल्या आठांतून तीन जुळी शोधायला मला पाऊण तास लागला. माप सारखं तर जांभळ्याची छटा वेगळी, छटा सारखी तर एकाचा मध्यभाग मोठा. शेवटी तीन मिळाली: ५०, ५०, ५१. मऊ ब्रशने एकेका नळीवरची धूळ काढली. एका फुलाच्या मागे एक पाकळी सुकलेली होती, ती चिमट्याने ओढली. एखादी चालते, दोन-तीन काढल्या की तिथे खाच दिसते.

फुलदाणीत फुलं मांडताना मला वाटायचं मांडणी म्हणजे सजावट. तसं नाही. तिन्ही देठ एकाच उंचीच्या हिशोबात, एक मागे उंच, दोन पुढे, फुलं एकमेकांना न भिडणारी, आणि प्रत्येक फुलाचा सर्वांत निर्दोष भाग समोर. देठाची लांबी फुलाला शोभेल एवढी. पॉम्पॉनला मोठ्या फुलासारखा लांब दांडा ठेवला तर फूल काठीवरच्या मण्यासारखं दिसतं. आणि देठ सरळ हवा. वाकलेला देठ मी दोन आठवडे आधीच सुतळीने काठीला बांधून सरळ करायला लागले होते, त्याचा उपयोग झाला.

दुपारी दार उघडलं तेव्हा यावेळी मी लगेच आत गेले नाही. काका आधी गेले आणि बोटाने बोलावलं. फुलदाणीपुढे दुसऱ्या क्रमांकाचं कार्ड होतं. परीक्षक तेच होते. त्यांना मी ओळख करून दिली नाही, त्यांनीच विचारलं, "गेल्या वर्षी तुमचंच एक फूल कडीत अडकलं होतं ना?" मग त्यांनी पुढच्या डाव्या फुलाकडे बोट केलं. मला सापडला नव्हता असा दोष त्यांनी दाखवला: वरच्या पाकळ्यांची जाळी सर्पिलाकार जाते, आणि त्या फुलात एका बाजूला ती एक ओळ सोडून गेली होती. जाळीत बारीकशी फट. "बाकी दोन फुलांना मी पहिला क्रमांक दिला असता," ते म्हणाले. "ती कुठल्या झाडाची आहेत?"

मी कागदी पट्ट्या पाहिल्या. दोन्ही चौथ्या झाडाची. फट असलेलं फूल दुसऱ्या झाडाचं. एकाच वाणाच्या, एकाच कंदाच्या छाटांतही काही झाडं वर्षानुवर्षं चांगली देतात आणि काही हळूहळू बिघडतात, म्हणून अनुभवी लोक पुढच्या वर्षीच्या छाटांसाठी हंगामातच झाडं निवडून ठेवतात, हे काकांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. मी आतापर्यंत सगळे कंद एकत्र पेटीत ठेवायचे.

झाडं पिवळी पडू लागल्यावर खोड वीतभर ठेवून कापलं. आठवडाभर कंद जमिनीतच राहू दिले, मानेवरचे डोळे फुगून दिसायला लागतात म्हणून. मग खणले, माती झाडली, उलटे ठेवून पोकळ खोडातलं पाणी निथळू दिलं. दुसऱ्या झाडाचा कंद मोठा आणि सुंदर होता, चौथ्याचा लहान, बोटांएवढ्या चार मुळ्यांचा. वहीत पाहिलं: चौथ्या झाडाची त्या हंगामातली अकरा फुलं, सगळी ५०च्या आसपास, एकही ५२च्या पुढे नाही. मोठा कंद मी बागेच्या कडेला लावायला एका मैत्रिणीला दिला. लहान कंदाच्या मानेला तांब्याच्या तारेने पत्र्याची पट्टी बांधली आणि त्यावर खिळ्याने कोरलं: 'विलोज व्हायोलेट, झाड ४, मागे भरते.' भुशाच्या पेटीत तो एकटाच ठेवला आहे. पुढच्या हंगामातल्या बाराही छाटा त्याच्याच घेणार आहे, त्या लहानशा कंदाला तेवढे फुटवे आले तर.